निळ्या रेघांचे पंधरा दिवस

शिवणबाईंच्या घरात चार थर्मामीटर होते. एक ठकीच्या उशाशी, एक स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे, एक शिवणयंत्राच्या खणात बॉबिनींच्या गर्दीत आणि एक त्यांच्या पर्समध्ये. "आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचा ताप बघतात, मग पाणी विचारतात," असं ठकीचे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बाबा बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दारात कोणी घोटाळलं की त्यांच्या तोंडून "पुढे सरका, पुढे सरका" निघायचंच.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी ठकीची मान मोडली. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी भारी खोडकर, म्हणून हे नाव पडलं ते एकतिशीतही सुटलं नाही. एका मोठ्या हॉटेलात ती स्वयंपाकीण होती, हाताखाली सात पुरुष, आणि सातही तिला वचकून. एका पहाटे कामावर जाताना स्कूटर घसरली. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात तिचे राहिले, बोटं परक्याची झाली. तळहाताच्या टाचेने रेटून ती चाकाची खुर्ची घरातल्या घरात फिरवायची, तेवढंच.

लोकांना वाटायचं, चालता येत नाही हे मोठं दुःख. शिवणबाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. ठकीला खांद्याखाली घाम येत नव्हता. बाहेर ऊन चढलं की तिचं अंग त्याच्याबरोबर चढायचं आणि उतरायचं नाव घ्यायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "तुमच्या मुलीला ताप येण्यासाठी आजार लागत नाही. गरम खोली पुरते."

घर टेकडीच्या उतारावर होतं, साठ-सत्तर वर्षांचं. मागची बाजू टेकडी कापून त्यात बसवलेली. तिथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वरच्या गल्लीत उघडणारं दार. पुढची खोली नंतर जोडलेली. उतारावर खालून दगडी भिंत उचलायची, तिच्यामागे माती-दगडांचा भराव टाकायचा आणि त्यावर खोली बांधायची, अशी. ती खोली सर्वांत मोठी आणि उजेडाची, म्हणून ठकीची. दोन्ही भाग एका अरुंद पॅसेजने जोडले होते. पॅसेजमध्ये तीन पायऱ्या होत्या, त्यावर बाबांनी खुर्चीसाठी फळ्यांचा उतार ठोकून घेतला होता.

पुढच्या खोलीत एसी होता. उन्हाळा लागला की त्या खोलीचं दार बंद व्हायचं ते पाच महिने. जेवण आत, पाणी आत, आई-बाबाही आत जायचे ते चपळाईने, दार किलकिलं करून. ठकी पहिल्या उन्हाळ्यात गप्प राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाली, "आई, मी काय भाजी आहे का? किती दिवस फ्रीजमध्ये ठेवणार?"

थंडीत मात्र ती दिवसभर स्वयंपाकघरात असायची. शिवणबाई ओट्याशी आणि ठकी मागे, खुर्चीत.

"कांदा किती बारीक?"

"तू ब्लाउजचा गळा कापतेस तितका सावकाश काप. आणि आच कमी कर. कमी म्हणजे कमी."

"हात माझे भाजतायत."

"हात तुझे, जीभ माझी. चव कोणामुळे आहे ते बाबांना विचार."

हॉटेलातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी सुचवल्यापासून ती मोबाईलवर चार-सहा मुलींना शिकवूही लागली होती. मोबाईल ओट्यावर उभा, कामाला शिवणबाईंचे हात आणि मागून ठकीचा आवाज. उन्हाळा आला की शिकवणी बंद. पुन्हा थंडी येईपर्यंत निम्म्या मुली गळालेल्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस ढगाळ होता. शिवणबाईंनीच दार उघडलं. ये थोडा वेळ, म्हणाल्या. ठकी चाळीस मिनिटं स्वयंपाकघरात बसली, हसली, बोलली, आणि मग नसलेल्या माणसांना हुकूम सोडू लागली. "तीन नंबर टेबलाचं झालं का? कोण जळतंय बघा." ताप एकशे चार होता. ओल्या चादरी, बर्फ, रुग्णालयात तीन दिवस. परत आल्यावर शिवणबाईंनी दाराला वरून एक कडी लावून घेतली. ठकीचा हात तिथवर पोचणार नव्हता. ठकीने कडीकडे पाहिलं आणि नंतर आठवडाभर आईशी कामापुरतंच बोलली.

म्हणून ठरलं, सगळं घर एकसारखं गार करायचं. प्रत्येक खोलीत वेगळा एसी लावून भागणार नव्हतं. पॅसेज आणि न्हाणीघराला खिडकीच नाही, आणि या खोलीतून त्या खोलीत जाताना गारठा-उकाड्याचा झोका ठकीच्या अंगाला झेपत नव्हता. एकच मोठं यंत्र, आणि छताखालून पत्र्याच्या डक्टमधून घरभर खेळणारी हवा. दोन दुकानांतले कोट घातलेले मुलगे येऊन गेले. दगडी भिंती आणि बुटकं छत बघून, "आंटी, हे घर सेंट्रलचं नाही," म्हणाले. तिसरे आले ते थंडोबा.

हे नाव ठकीने पाडलं. साठीचा, बुटका, एका कानाने कमी ऐकणारा माणूस. तीस वर्षं पत्रा ठोकून तो कान गेला होता. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तास नुसतं घर पाहिलं. या खोलीत उभे राहिले, त्या खोलीत उभे राहिले, छताकडे बघत चहा गार केला.

"एसीवाले आहेत की पुतळा बसवून गेलंय कोणी?" ठकी आईच्या कानात म्हणाली. "थंडोबा नुसते."

थंडोबांचा नेमका चांगला कान तिच्या बाजूला होता. "थंडोबा तर थंडोबा," ते म्हणाले. "गरम माणसाने हा धंदा करूच नये."

होईल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा शिवणबाईंना रडू आवरेना. यंत्र मागच्या अंगाला, न्हाणीघराच्या माळ्यावर. तिथून डक्ट स्वयंपाकघरावरून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून पुढच्या खोलीत. बाहेरचं युनिट पुढे, खोलीलगतच्या मोकळ्या जागेत, काँक्रीटचा ओटा घालून. वीज मात्र वाढवून घ्यावी लागेल.

"पण माझी एक पद्धत आहे," ते म्हणाले. "मी आधी घरभर रेघा मारतो. डक्ट कुठून जाणार, जाळी कुठे येणार, सगळं भिंतीवर, खऱ्या मापाचं. मग पंधरा दिवस तुम्ही त्या रेघांबरोबर नांदायचं. पटलं तर पत्रा कापतो."

"पंधरा दिवस कशाला?" बाबा म्हणाले. "तिकीट फाडा आणि घंटी मारा."

"एका घरात घाईने जाळी बसवली. सासऱ्यांचं टक्कल बरोबर झोताखाली. सुनेने ते वर्षभर कोणाला सांगितलं नाही, आणि सासरे वर्षभर सर्दीने बेजार. तेव्हापासून पंधरा दिवस."

ठकी खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघा मारल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन भिंतींना लावली, पाणी जिथे स्थिरावलं तिथे खुणा केल्या. मग निळीच्या पुडीत घोळलेली दोरी दोन खुणांवर ताणून धरली आणि मधोमध उचलून सोडली. फट्, आणि भिंतीवर निळी रेघ. ती सगळ्या घरात एकाच पातळीत फिरली, स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये आणि तिथून ठकीच्या खोलीत. "ही मूळ रेघ. वरची सगळी मापं हिच्यापासून मोजायची." छताजवळ डक्टच्या जोडरेघा आणि जाळ्यांचे चौकोन काढले. स्वयंपाकघरातला चौकोन ठकीने सांगून दोनदा हलवायला लावला. शेवटी तो तिच्या खुर्चीच्या जागेसमोर आला.

पहिले सहा दिवस घरात सण असल्यासारखं होतं. ठकी रेघेखालून खुर्ची फिरवायची, या टोकाकडून त्या टोकाकडे. शिकवणीच्या मुलींना तिने कळवून टाकलं, या उन्हाळ्यात खंड नाही. तिने वही मागवली आणि बाबांकडून त्यात महिन्यांची आखणी लिहून घेतली. चैत्र-वैशाखाच्या पानांवर यापूर्वी तिने कधी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी पॅसेज झाडताना शिवणबाईंची नजर रेघेवर गेली आणि अडकली.

चाळीस वर्षं कापड कापलेल्या बाईची नजर ती. शिकायला आलेल्या मुलींची शिवण केसभर तिरकी गेली तरी लांबून कळायची. घराचा जुना आणि नवा भाग जिथे मिळतात तिथे पॅसेजच्या भिंतीत पहिल्यापासून एक उभी चीर होती. दर रंगकामात बुजवायची आणि पुन्हा उमटायची. निळी रेघ त्या चिरेवरून गेली होती. चिरेच्या मागच्या बाजूची रेघ आणि पुढच्या बाजूची रेघ एकमेकींना मिळत नव्हत्या. पुढची सुईच्या जाडीएवढी खाली होती.

दोरी चिरेवर हलली असेल, शिवणबाईंनी मनाशी म्हटलं. पण रेघ मारली त्या दिवशीही त्यांनी ती पाहिली होती, आणि तेव्हा ती सरळ होती. सरळ नसती तर त्यांना त्या रात्री झोप लागली नसती.

दहाव्या दिवशी त्यांनी शिवणाची टेप आणली. फरक दोन सूत होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आणि शिंपी, दोघांनाही तो पुरतो.

पुढची खोली खाली जात होती, म्हणजे ठकीची खोली. हे त्यांना कळलं, अगदी लख्ख कळलं. आणि कळलं त्याच क्षणी दुसरंही कळलं. थंडोबा हे बघतील आणि दोरी गुंडाळून निघून जातील. मग पुन्हा ते दार आणि वरची कडी. वहीतली चैत्र-वैशाखाची पानं. मुलगी पुन्हा आठवडाभर बोलणार नाही, कदाचित या खेपेला कधीच नाही.

जुनी घरं हलतातच, त्यांनी स्वतःला समजावलं. सत्तर वर्षं उभं आहे. दोन सुतांनी काय होतंय. एकदा यंत्र बसू दे, मग भिंतीचं बघू. हे सगळं त्यांनी इतक्या भराभर मनात बोलून टाकलं की मध्ये कोणी शंका काढायला जागाच उरली नाही.

बाबा बाजारात गेले होते. ठकी जेवून पडली होती. थंडीचे दिवस, दार उघडं, तिची मान पॅसेजकडे वळलेली, डोळे मिटलेले. शिवणबाईंनी कपड्याच्या ब्रशने चिरेपासून ठकीच्या दारापर्यंतची रेघ झटकली, ओल्या फडक्याने पुसली. भिंत वाळू दिली. मग खणातून मार्किंगचा निळा खडू काढला, फूटपट्टी धरली आणि नवी रेघ ओढली, मागच्या रेघेला बरोब्बर मिळणारी. दाराच्या चौकटीपलीकडे खोलीतली रेघ होती तशीच राहिली. चौकट मध्ये असल्यामुळे फरक दिसत नव्हता. रेघ इतकी सुबक आली की क्षणभर त्यांना बरं वाटलं.

पुढचे पाच दिवस शिवणबाई पॅसेजमधून मान खाली घालून जात राहिल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी थंडोबा आले. बगलेत कागदांची गुंडाळी.

"काय, नांदलात का रेघांबरोबर?"

"सासूरवास नाही केला त्यांनी," बाबा म्हणाले. "स्वयंपाकघरातली जाळी तेवढी चार बोटं डावीकडे घ्या, एवढंच. वरून हुकूम आहे."

ठकी आपल्या खोलीच्या दारात खुर्चीत होती. शिवणबाई पॅसेजच्या मागच्या टोकाला, पदराने हात पुसत. हात कोरडेच होते.

थंडोबा रेघेवरून बोट फिरवत चालत आले. चिरेपाशी थांबले. पुढे गेले, मागे आले. बोटाला जीभ लावून रेघेवर घासलं. चष्मा काढून डोळे भिंतीला भिडवले. दोरीने मारलेल्या रेघेला दोन्ही कडांना निळीची बारीक लव असते. या रेघेला नव्हती. आणि ओल्या बोटाने ती निघालीही नाही, मेणासारखी पसरली.

त्यांनी शिवणबाईंकडे पाहिलं. शिवणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो वाट बघत होता, दोन तास छताकडे बघावं तसा.

"नीळ उडाली होती," शिवणबाई म्हणाल्या. "मी जरा गडद केली."

"हं," थंडोबा म्हणाले.

"मग कधी सुरू करायचं?" बाबांनी विचारलं. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं.

"काका, ती रेघ तुमची नाही," ठकी म्हणाली.

थंडोबांनी चांगला कान तिच्याकडे वळवला.

"आईने पुसून नवी काढली. पाच दिवस झाले. तुमची खाली गेली होती." तिचा आवाज हॉटेलात असायचा तसा होता, सपाट आणि स्वच्छ. "आणि माझ्या खोलीचं दार परवापासून लावताना खाली घासतंय. बाबांना वाटतंय लाकूड फुगलं."

थंडोबांनी पिशवीतून नळी काढली, पाणी भरलं, एक टोक बाबांच्या हातात दिलं. "धरा. हलवू नका." मागच्या भिंतीवरच्या रेघेला पाणी लावलं आणि ठकीच्या खोलीतल्या मूळ रेघेपाशी गेले. पट्टी धरली, बराच वेळ. मग परत येऊन चिरेपाशी शिवणबाईंच्या रेघेला पट्टी लावली.

"आत तीन सूत," ते म्हणाले. "आणि ही तुमची रेघ, पाच दिवसांपूर्वीची ना? तीही एक सूत उतरलीय."

म्हणजे शिवणबाईंनी जी रेघ सत्य झाकायला काढली होती, तिनेच घर किती वेगाने जातंय ते मोजून ठेवलं होतं. हे त्यांनीच मनात म्हटलं, आणि त्यांना भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, पण हात लावायचं धाडस झालं नाही.

सगळे खाली उतारावर गेले, खोलीखालची दगडी भिंत बघायला. ठकी वरच राहिली. झुडपं बाजूला केली तेव्हा दिसलं की भिंतीला पोट आलं होतं. मधले दगड वीतभर पुढे आले होते, सांध्यातली माती ओली होती. खाली हिरवंगार गवत माजलं होतं. थंडीत इतकं हिरवं कसं, हे शिवणबाईंनी वरून पाहून कौतुकाने बोलूनही दाखवलं होतं.

"वरच्या गल्लीत पाइप गळतोय का?" थंडोबांनी विचारलं.

"चार महिने," बाबा म्हणाले. "तक्रार केलीय दोनदा."

"मुरलेलं पाणी बाहेर पडायला अशा भिंतीत भोकं ठेवतात. खालच्या अंगाला, ओळीने." थंडोबा दगडांवरून हात फिरवत होते. एका जागी थांबले. गोल, सिमेंटने गुळगुळीत केलेला डाग. हातभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. "ही कोणी बुजवली?"

"मी," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"त्यांनी नाही," शिवणबाई म्हणाल्या. "मी बुजवून घेतली. चार वर्षं झाली. उंदीर येत होते त्यातून. एक खोलीत शिरला होता." त्यांनी वर खोलीकडे पाहिलं. "तिला पायाचं कळत नाही. सकाळी चादरीला रक्त दिसलं, तेव्हा समजलं की अंगठा कुरतडलाय. मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. म्हटलं, एकही भोक उघडं नको."

थंडोबांनी मान हलवली.

"दोन-तीन भोकं आता फोडली तर?" बाबांनी विचारलं.

"आता नका हात लावू. माझं काम पत्र्याचं, भिंतीचं नाही. इंजिनियरला आजच बोलवा. पण त्या खोलीत आज रात्री कोणी झोपू नये. जेवायच्या आधी पलंग मागे घ्या."

"आणि एसी?" शिवणबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बाई," थंडोबा म्हणाले, "त्या ओट्याचं आणि युनिटचं वजन याच भरावावर आलं असतं."

दुपारी पलंग स्वयंपाकघरात आणला. तो तिथे मावेना, म्हणून जेवणाचं टेबल गल्लीत काढून ठेवलं. संध्याकाळी इंजिनियर आले, भिंत बघितली आणि दारावर कागद चिकटवून गेले. आठ दिवसांत घर रिकामं करायचं होतं. चौथ्याच दिवशी त्यांनी सोडलं. खाली सपाटीवर दोन खोल्यांची भाड्याची जागा मिळाली. आतल्या खोलीला खिडकी होती ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. जुना एसी थंडोबांनी स्वतः काढून आणला, स्वतः बसवला.

घर सोडल्यानंतर तेविसाव्या दिवशी दगडी भिंतीचा मधला भाग बसला. भरदुपारी. बाबा बघून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "अर्धी खोली गेली. पलंग होता ती जागाच राहिली नाही." त्यांनी पाणी मागितलं, दोन पेले प्यायले, आणि त्या दिवशी कोणालाही पुढे सरका म्हणाले नाहीत.

तोवर उन्हाळा लागला होता. आतल्या खोलीचं दार बंद होतं. शिवणबाईंनी शिवणयंत्र आतच हलवलं होतं, म्हणजे ये-जा कमी. शेजारणीच्या झंपराला त्या काजं करत होत्या. ठकी भिंतीकडे बघत पडली होती. शिकवणीच्या मुलींना तिने कळवलं नव्हतं. त्या आपोआपच समजून गेल्या होत्या.

"ठके," शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी रेघ पुसली तेव्हा तू जागी होतीस."

"हो."

"सगळं बघत होतीस."

"तू फूटपट्टी दातात धरली होतीस. मला हसू येत होतं."

शिवणबाईंनी दोरा तोडला. "मग तेव्हाच का नाही बोललीस? पाच दिवस गेले मध्ये. त्या पाच दिवसांत खोली कधीही गेली असती. तू आत होतीस, आम्ही आत-बाहेर करत होतो. माझी तर अक्कल गहाण पडली होती. तू का गप्प राहिलीस?"

ठकीने भिंतीकडची नजर छताकडे वळवली.

"रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते," ठकी म्हणाली. "मग मला खुर्चीत बसवून तू स्वयंपाकघरात न्यायचीस, आणि मी म्हणायचे, उद्या. त्या दिवशी थंडोबा आले नसते ना, तर मी आणखी गप्प राहिले असते."

शिवणबाईंनी झंपर खाली ठेवला. त्या उठून पलंगाशी गेल्या, पण जवळ जाऊन काय करायचं ते त्यांना ठरवता आलं नाही. चादर सरळच होती. त्यांनी ती पुन्हा ओढून सरळ केली.

"बाबांना सांगू नकोस," ठकी म्हणाली. "त्यांना वाटतंय, आपल्या घरात एक तरी शहाणं आहे."